प्रो कबड्डीचा करार की खेळाडू कोट्यातली नोकरी: एकविसाव्या वर्षी काय धरायचं?

माझी बहीण भोसरीत राहते. गेल्या महिन्यात तिच्याकडे जेवायला गेलो होतो. ताटं उचलली, तिने टेबल पुसलं आणि माझ्यापुढे दोन कागद ठेवले. एक रेल्वेच्या खेळाडू भरतीची जाहिरात, पिवळ्या मार्करने खुणा केलेली. दुसरा प्रो कबड्डीतल्या एका संघाने पाठवलेला नवोदित खेळाडूच्या कराराचा मसुदा, चौदा पानं, सगळी इंग्रजीत. भाचा एकवीस वर्षांचा आहे, डावा कोपरा सांभाळतो, म्हणजे बचावात कडेला राहून पकडी करतो, कुमार गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राकडून खेळलाय. "दादा, तू म्हणशील तसं करू," बहीण म्हणाली. दाजी गप्प होते, पण त्यांची नजर रेल्वेच्या कागदावरून हलत नव्हती. पोराची दुसऱ्यावरून.

त्या रात्री मी उत्तर दिलं नाही. दोन्ही कागद घरी आणले, पुन्हा पुन्हा वाचले, जुन्या सोबत्यांशी बोललो. पुणे जिल्ह्यात असं टेबल असलेली घरं पुष्कळ आहेत, म्हणून हे सविस्तर मांडतोय.

लीगचा कागद

पैशापासूनच सुरू करू, कारण घरात पहिला प्रश्न तोच येतो. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा लिलावातला सगळ्यात महागडा खेळाडू होता राकेश कुमार, पाटणा पायरेट्सने त्याला १२ लाख ८० हजारांना घेतलं. चारच वर्षांनी, २०१८ मध्ये, हरियाणा स्टीलर्सने मोनू गोयतसाठी १ कोटी ५१ लाख मोजले. २०२३ मध्ये पवन सेहरावत तेलुगू टायटन्सकडे गेला २ कोटी ६० लाख ५० हजारांना.

हे आकडे एवढे का चढले? प्रेक्षक वाढले आणि टीव्हीचा पैसा आला, हे खरंच. पण मोठी उडी आली ती २०१७ मध्ये संघ आठाचे बारा झाल्यावर. गुजरात, हरियाणा, तमिळनाडू आणि उत्तर प्रदेश असे चार नवे संघ उतरले. त्यांच्याकडे जुना एकही खेळाडू नव्हता, खिशात पैसे मात्र पूर्ण होते. त्या वर्षी सगळ्यात महाग ठरलेल्या नितीन तोमरला ९३ लाखांना उचललं ते नव्याच संघाने, यूपी योद्धाने. पुढच्या वर्षी पुणेरी पलटणने त्याच्यासाठी १ कोटी १५ लाख मोजले. लीग वाढते तेव्हा खेळाडूचा भाव वाढतो, तो असा.

मात्र ती वाढ २०१७ मध्येच झाली. त्यानंतर संघ बाराच आहेत. एका संघात १८ ते २५ खेळाडू, म्हणजे सगळ्या लीगमध्ये जास्तीत जास्त ३०० जागा. त्यात मॅटवर उतरणारे सात, म्हणजे पहिल्या सातांत फक्त ८४. देशभरातल्या मैदानांवरून पोरं येतात ती या ८४ साठी, आणि त्यातल्या काही जागा इराणी खेळाडूंकडे असतात. कोटीची बातमी पेपरात ठळक छापून येते. बाकावर बसून मोसम काढणाऱ्या पोराबद्दल कोणी काही छापत नाही.

लिलावात खेळाडूंचे चार गट असतात. अलीकडच्या मोसमांत त्यांच्या मूळ किमती अ गटाला ३० लाख, ब ला २०, क ला १३ आणि ड ला ९ लाख अशा राहिल्या आहेत. संघाकडे सगळा मिळून खर्चायला ५ कोटी. भाच्यासारखा नवोदित लिलावात जातच नाही. संघ त्याला थेट करारावर घेतो आणि पुढच्या मोसमाला ठेवायचं की सोडायचं हे संघच ठरवतो. घरच्यांनी नीट समजून घ्यावी ती ही गोष्ट. मुलगा संघ निवडत नाही, संघ मुलाला निवडतो. पुढे लिलावात गेला तरी बोली जिथे थांबेल तिथे जायचं, आणि जुन्या संघाने आपला हक्क वापरून शेवटच्या बोलीइतकी रक्कम दिली तर परत तिथेच.

इराणच्या मोहम्मदरेझा शादलूचं बघा. पुणेरी पलटणने त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणाला २८-२५ हरवून पलटणने पहिलं विजेतेपद मिळवलं. पुढच्याच लिलावात तो २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेता ठरला, तोही पुण्यातल्या आमच्या बालेवाडीत. त्याच्या पुढच्या वर्षी २ कोटी २३ लाखांना गुजरात. विजेतेपद मिळवून देणाऱ्या खेळाडूलासुद्धा तीन मोसमांत तीन जर्सी घालाव्या लागल्या. त्याला ते परवडतं, कारण प्रत्येक वेळी दोन कोटींच्या वर भाव मिळाला. नवोदिताला सोडलं तर त्याच्यामागे बोली लागेलच, याची हमी कुणी देत नाही.

याच रस्त्याची चांगली बाजूही आपल्याच संघात दिसते, आणि ती मी भाच्याला मनापासून सांगितली. अस्लम इनामदार अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातला. २०२१ च्या मोसमात तो नवोदित म्हणूनच पलटणमध्ये आला. दोन मोसमांनी संघाचा कर्णधार, हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताकडून सुवर्णपदक, आणि मग पलटणचं ते विजेतेपद. हे नोकरीच्या कागदावरून होत नाही. हरियाणाच्या आखाड्यातल्या पोरांशी रोज भिडायला मिळणं, चांगला फिजिओ, स्वतःच्या प्रत्येक पकडीचा व्हिडिओ बघून प्रशिक्षकाने चूक दाखवणं, हे आमच्या मंडळाच्या मैदानावर कितीही जीव ओतला तरी मिळणार नाही.

लीगची रचना बदलते, तसा करारही

हा भाग लोक वाचतच नाहीत. २०१७ आणि २०१८ मध्ये लीगचे दोन विभाग होते. पुणे, मुंबई, दिल्ली, जयपूर, हरियाणा, गुजरात एका विभागात. आपल्या विभागातल्या पाचही संघांशी तीन तीन सामने, दुसऱ्या विभागाशी थोडे. २०१९ पासून विभाग गेले आणि प्रत्येकाशी दोनदा, असे साखळीत २२ सामने झाले. २०२५ मध्ये साखळीतले सामने १८ वर आले आणि बरोबरी काढून टाकली. बघणाऱ्याला हा तपशील वाटेल. नवोदिताला तो फार जवळचा आहे. सामने २२ असतात तेव्हा प्रशिक्षक मधल्या एखाद-दोन सामन्यांत नव्या पोराला उतरवून बघतो. १८ असतात, प्रत्येकाचा निकाल लागतो आणि प्रत्येक गुण मोजला जातो, तेव्हा जुनाजाणता कोपराच मैदानात राहतो.

आणि मोसम होईलच असं धरून चालायचं नाही. सातव्या मोसमाची अंतिम फेरी १९ ऑक्टोबर २०१९ ला झाली. आठवा मोसम सुरू झाला २२ डिसेंबर २०२१ ला, बंगळुरूत, प्रेक्षकांविना. करोनाने मध्ये दोन वर्षं गेली. तेव्हा वीस-एकवीस वर्षांची असलेली किती पोरं त्यानंतर दिसलीच नाहीत, ते आम्ही मैदानावरचे लोक जाणतो.

पुण्याला तर हे नव्याने सांगायला नको. आयपीएलने २०११ मध्ये संघ वाढवले तेव्हा पुणे वॉरियर्स आला आणि २०१३ नंतर संपला. २०१६ मध्ये रायझिंग पुणे आला तो मुळातच दोन वर्षांसाठी, चेन्नई आणि राजस्थानच्या बंदीच्या काळापुरता. २०१७ ची अंतिम लढत एका धावेने हरला आणि गेला. फुटबॉलमधला एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये सुरू झाला, २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. खो-खोची अल्टिमेट लीग २०२२ मध्ये आपल्या बालेवाडीत सुरू झाली, पण तिचा दुसरा मोसम थेट डिसेंबर २०२३ मध्ये, कटकला. पंधरा महिने मध्ये. या सगळ्यांत पलटण टिकली, २०१४ पासून आजवर, त्याचा मला अभिमान आहे. पण शहराचा संघ टिकणं वेगळं आणि त्यातला एक मुलगा टिकणं वेगळं.

छोट्या लीगबद्दल थोडक्यात सांगतो. भाचा दोन वर्षांपूर्वी एका स्थानिक लीगमध्ये खेळला. स्टेजवर लिलाव झाला, रंगीत जर्सी मिळाली, नावापुढे २५ हजार लागले. हातात आले आठ. उरलेल्यासाठी त्याने फोन केले, मग फोन उचलणंच बंद झालं. लेखी काही नव्हतंच. प्रो कबड्डीची आणि अशा लीगची तुलना करू नका, दोन्ही ठिकाणी लिलाव होतो एवढंच साम्य. कागद हातात नसेल तर त्या लीगमध्ये सरावासाठी खेळा. घरखर्चाचा हिशोब त्यावर बसवू नका.

नोकरीचा कागद

रेल्वेच्या खेळाडू कोट्यात लेखी परीक्षा नसते. १०० गुणांत ४० मैदानावरच्या चाचणीचे, ५० स्पर्धांमधल्या कामगिरीचे, १० शिक्षणाचे. चाचणीत ४० पैकी निदान २५ मिळाले नाहीत तर पुढे काही नाही. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे लेव्हल २ चं मूळ वेतन १९,९०० आणि लेव्हल ३ चं २१,७००, वरच्या कामगिरीला लेव्हल ४ आणि ५ म्हणजे २५,५०० आणि २९,२००. वर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, रेल्वेचा पास, घरच्यांसकट औषधपाणी.

आता साधा हिशोब मांडा. नवोदित लिलावात नसतो, तरी अंदाजासाठी ड गटाचे ९ लाख धरा, ते बारा महिन्यांत वाटले तर महिन्याला ७५ हजार होतात. त्यातून १० टक्के टीडीएस आधीच कापला जातो. आकड्यात लीगच पुढे आहे, त्यात वाद नाही. पण ते ९ लाख एका मोसमाचे. २१,७०० दर महिन्याला येतात, निवृत्तीपर्यंत, आणि दरवर्षी वाढतात. पुण्यात वन बीएचके घ्यायला गेलात की बँक पगाराची स्लिप मागते. एका मोसमाच्या करारावर कर्ज मिळवताना काय दमछाक होते, ते माझ्या ओळखीतल्या दोन खेळाडूंना विचारा.

आता ज्यावर माझं सगळं म्हणणं उभं आहे तो मुद्दा. रेल्वेच्या खेळाडू भरतीत वयाची अट १८ ते २५ आहे आणि त्यात सवलत नाही. पंचविशी ओलांडली की दार बंद. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, तिथे वयात ५ वर्षांची सूट मिळते, कमाल ४३ पर्यंत. म्हणजे ते दार उशिरापर्यंत उघडं राहतं. पण कुठल्याही दारात चालतं ते प्रमाणपत्र. राष्ट्रीय अजिंक्यपद, शालेय आणि विद्यापीठ स्पर्धा, मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धा. टीव्हीवर अख्ख्या देशाने बघितलेली पकड त्या अर्जात कुठे लिहिणार? राज्याच्या आरक्षणासाठी तर प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावं लागतं, आणि जाहिरात निघाल्यावर त्यासाठी धावपळ करणारी पोरं मी दरवर्षी बघतो. बहिणीने भाच्याची प्रमाणपत्रं कपाटात लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात ठेवली होती. त्यातल्या एकावर त्याच्या नावात वेलांटीची चूक निघाली.

नोकरीतही सोडावं लागतं ते सोडावं लागतं. रेल्वेत लागलात की राष्ट्रीय स्पर्धेत भारतीय रेल्वेकडून खेळायचं, महाराष्ट्राकडून नाही. २०१८ च्या जानेवारीत रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने ११ वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं तेव्हा आमच्या मंडळात लोक रडले होते. रिशांक नोकरीला भारत पेट्रोलियममध्ये, त्यामुळे राज्याची जर्सी त्याच्या अंगावर राहिली. रेल्वेत ती उतरते. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता, आणि मला ते आवडलं.

शिवाय सुट्टी. प्रो कबड्डी दोन महिने चालते, आधी सराव शिबिर. खात्याचं ना हरकत पत्र लागतं. पहिल्या एक-दोन वर्षांत, प्रशिक्षणात किंवा कायम होण्याआधी, साहेब ते देईलच असं नाही. तरी हे दोन्ही कागद एकमेकांचे वैरी नाहीत. पवन सेहरावत रेल्वेकडून खेळतो आणि लीगमध्ये त्याला अडीच कोटींवर बोली लागली. लीगमधले कितीतरी जण कुठल्या ना कुठल्या खात्याचे आहेत. म्हणूनच भाच्यापुढचा खरा प्रश्न आधी काय, एवढाच आहे.

गुडघा

मी १९९३ मध्ये पिंपरीतल्या एका कारखान्याच्या संघात लागलो. सकाळी पहिली पाळी, चारला सुटलो की मैदान, स्पर्धेत व्यावसायिक गट, म्हणजे कंपन्यांच्या संघांचा. १९९८ मध्ये सांगलीकडच्या एका स्पर्धेत चढाईपटूचा घोटा धरला, तो सुटला नाही, पण मागून आपलाच गडी माझ्या पायावर पडला. गुडघ्यातून आलेला आवाज मला आधी लाकडी फळीचा वाटला. सात महिने घरी. त्या सातही महिन्यांचा पगार आला. २००१ मध्ये कंपनीने संघ बंद केला, मी मशीनवर राहिलो, त्याच पगारात धाकटी बहीण शिकली. तीच ही, भोसरीची.

अस्लमलाही २०२४ च्या मोसमात गुडघ्याने बाहेर बसवलं. तो परतला, २०२५ मध्ये पुन्हा कर्णधार म्हणून पलटणला अंतिम फेरीत घेऊन गेला, दिल्लीकडून ३१-२८ असे हरलो. तो परतू शकला, कारण त्याच्या मागे उभं राहावं एवढी त्याची कामगिरी होती आणि संघाने ते केलं. पहिल्याच वर्षी बाकावरच्या पोराचा गुडघा गेला तर? म्हणून भाच्याच्या चौदा पानांत मी सगळ्यात आधी तेच शोधलं. सरावात दुखापत झाली तर खर्च कुणाचा, शस्त्रक्रियेनंतरच्या फिजिओचा कुणाचा, आणि खेळता आलं नाही तर ठरलेली रक्कम पूर्ण मिळणार की खेळलेल्या सामन्यांपुरती. पहिल्याचं उत्तर स्पष्ट होतं. दुसऱ्याचं अर्धवट. तिसऱ्याचं वाक्य मी चार वेळा वाचलं, मग ओळखीच्या वकिलाला दाखवलं. त्याने पेन्सिलने गोल केला आणि म्हणाला, "हे लेखी विचारून घ्या."

अजून दोन ठिकाणी बोट ठेवायला हवं. रक्कम किती हप्त्यांत आणि शेवटचा हप्ता मोसम संपल्यावर किती दिवसांत. आणि कराराच्या काळात राज्य संघटनेच्या स्पर्धा, निवड चाचण्या खेळता येतील की नाही. हे दुसरं फार महत्त्वाचं, कारण चाचणी चुकली तर राष्ट्रीय स्पर्धा चुकते, आणि ती चुकली तर प्रमाणपत्र.

मग काय धरायचं

मुलगा बावीसच्या आत असेल, राष्ट्रीय प्रमाणपत्र हातात असेल आणि भरतीची जाहिरात निघाली असेल, तर आधी अर्ज, चाचणी, नोकरी. लीग एक मोसम उशिरा आली तरी चालेल. चांगला कोपरा सव्विसाव्या वर्षी खरा पिकतो, पकड ताकदीइतकीच अंदाजावर चालते. चढाईपटूला मात्र मी थोडं वेगळं सांगेन. त्याचे पाय विसाव्या वर्षी जसे चालतात तसे पुढे चालत नाहीत, त्याला लीगची हाक आली तर ती मोठी आहे, घरात दुसरी मिळकत असेल तर त्याने जावं.

मुलगा चोवीसचा आहे, राज्यस्तरापलीकडे कागद नाही आणि एखाद्या संघाने स्वतःहून बोलावलंय, तर डोळे मिटून लीग. रेल्वेचं दार त्याला तसंही वर्षभरात बंद होणार. मिळालेल्या पैशांतला निम्मा बाजूला ठेवायचा, आणि राज्याच्या आरक्षणासाठी पदवी पूर्ण करायची. घरात कमावणारं दुसरं कुणीच नसेल तर वय, जागा, कशाचाही विचार न करता नोकरी. इथे मी कुणाचंही ऐकणार नाही.

आणि मुलींबद्दल. प्रो कबड्डी पुरुषांची आहे. मुलीच्या घरात हे दोन कागद समोरासमोर येतच नाहीत, तिच्यासाठी खात्याची नोकरी हाच रस्ता आहे. पुणे जिल्ह्याच्या मैदानांवर मुली ज्या ताकदीने खेळतात, त्या मानाने हे फार कमी आहे.

भाच्याने गेल्या मंगळवारी रेल्वेचा अर्ज भरला. संघाच्या व्यवस्थापकाला दाजींनी स्वतः फोन केला, तिन्ही प्रश्न विचारले, आणि रेल्वेची चाचणी झाल्यावर करारावर बोलता येईल का तेही विचारलं. तो माणूस नीट बोलला, या महिन्याच्या अखेरपर्यंत थांबतो म्हणाला. नावातल्या वेलांटीसाठी बहीण उद्या संघटनेच्या कार्यालयात जाणार आहे. पोरगा रोज पहाटे साडेपाचला मैदानावर येतो. त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट घोटे धरून धरून वाकडं झालंय, त्याला तो स्वतःच टेप गुंडाळतो, दाताने तोडतो आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहतो.